पांढरीवरचा तळ

मीरासाहेब तांबोळी एखाद्या गावात उतरले की आधी माणसं कुठं राहणार ते बघायचे आणि काम कुठं आहे ते नंतर विचारायचे. ठेकेदाराला याचा भारी राग यायचा. त्याच्या हिशेबात खाण पहिली, माणसं मागून. पण मीरासाहेबांनी निवडलेल्या तळावर अठरा वर्षांत पटकी शिरली नव्हती, पुराचं पाणी आलं नव्हतं, झोपेत कुणी मेलं नव्हतं. माणसं काम अर्धं टाकून पळून जात नसत. म्हणून ठेकेदार राग गिळायचा आणि मुकादमकी त्यांच्याकडेच ठेवायचा.

मीरासाहेबांवर कुणी चार ओळी लिहिणार नाही हे मला ठाऊक आहे. मी लिहितोय, आणि लिहायला मी सगळ्यात नालायक माणूस आहे, हेही आधीच सांगून मोकळा होतो.

ते शिरूरचे. वडिलांचं पानतंबाखूचं दुकान धाकट्या भावाच्या हवाली करून तरुणपणीच रस्त्याच्या कामावर गेले आणि दगडफोड्यांचे मुकादम झाले. अंगानं वाळकेच, दाढी मेंदीनं लाल, आणि बोलणं इतकं हळू की समोरच्याला पुढं वाकावं लागायचं. हजेरी मात्र तेच पुकारायचे, आणि तेव्हा आवाज खाणीच्या पलीकडं जायचा. मी नुसता लिहून घ्यायचो. अठ्ठावन्न साली आमच्या गावाजवळ भीमेवर पूल बांधायचं ठरलं. पावसाळा सरेपर्यंत दगड फोडून ढीग लावून ठेवायचा होता. आमचं गाव दौंडकडच्या राहू गावाच्या पुढं दोन कोसांवर. खाण गावाच्या माळावर धरली आणि चुलत्यांच्या शब्दानं हजेरीचा कारकून म्हणून मला तिथं चिकटवलं. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो, दौंडच्या शाळेत मॅट्रिकपर्यंत गेलो होतो आणि स्वतःला फार हुशार समजत होतो. घरात सगळे मला दादा म्हणत, म्हणून कामावरही मी दादाच झालो.

वैशाखात मीरासाहेब एकटेच आले, जागा बघायला. जागा बघण्याची त्यांची रीत मी पहिल्यांदा पाहिली आणि पोट धरून हसलो. एका ठिकाणी ओला पाला जाळून धूर कुठं जातो ते बघितलं. बाभळीच्या फांद्यांना पुरातला काडीकचरा किती उंचीवर अडकलाय ते बघितलं. गावची मेलेली जनावरं कुठं टाकतात ते विचारलं. विहिरीचं पाणी सलग तीन दिवस स्वतः प्यायले आणि चौथ्या दिवशी म्हणाले, चालंल, बायकांना भरू द्या. प्रत्येक जागेवर घोंगडी टाकून एकेक दिवस पडून राहिले. मी विचारलं, मामू, दुपारी झोपून काय कळतं? ते म्हणाले, जमिनीला बी अंग असतं, तिच्यासंगं पडल्याबिगर कळत न्हाई.

जागा तीन होत्या. नदीकाठची काळी, तिथं पावसात गुडघाभर चिखल. खाणीजवळचा मुरूम, पण सुरुंगाचे दगड तिथवर उडायचे. आणि तिसरी आमची पांढर.

पांढर म्हणजे आमचं जुनं गाव. प्लेगात माणसं उठली ती परत तिथं वसलीच नाहीत, नवं गाव अर्ध्या मैलावर झालं. मागं राहिली ती पडक्या भिंतींची ढेकळं, दोन कडुलिंब, एक चांगली विहीर आणि पांढरी कणखर माती. पाऊस कितीही पडो, तिथं चिखल होत नाही. मीरासाहेब तिथं पडून उठले तेव्हा खूश होते. म्हणाले, इतकी चांगली जागा मला दहा वर्सांत घावली न्हाई.

मी कडुलिंबाकडं बघायचं टाळलं.

आमच्याकडं पूर्वी धान्य पेवात ठेवायचे. पांढरीच्या मातीत दोन पुरुष खोल खड्डा, तोंड अरुंद, आत घागरीसारखा फुगलेला. आतून कडबा लावायचा, ज्वारी भरायची, तोंडावर शिळा ठेवून वर हातभर माती ओढायची. माती सपाट केली की मालकाशिवाय कुणाला पत्ता लागत नाही. लढाईच्या दिवसांत आणि पुढंही काही वर्षं सरकार लेव्हीचं धान्य घ्यायचं, तेव्हा या पेवांनी गावाला जगवलं. मामलेदाराची माणसं यायची, पेव आहे का विचारायची आणि गाव एका तोंडानं नाही म्हणायचं. लहान पोरंसुद्धा नाही म्हणायची. आम्हाला पाढे यायच्या आधी हे एक उत्तर यायचं.

माझे चुलते पोपटराव त्या वेळी लेव्हीच्या कमिटीवर होते. दुसऱ्यांची काही पेवं त्यांनीच सरकारला उघडून दिली. स्वतःचं मात्र कडुलिंबापाशी तसंच राहिलं. त्यातली वरची ज्वारी काढली, तळाची राहिली. एका पावसाळ्यात आत पाणी झिरपलं आणि ती कुजली. ते उघडलं असतं तर वास गावभर गेला असता, आणि ज्या वर्षी लोकांनी कोंडा खाल्ला त्या वर्षी पोपटरावांची ज्वारी जमिनीत सडली हे सगळ्यांना कळलं असतं. आता ते सोसायटीचे चेअरमन होते. म्हणून पेव होतं तसंच राहिलं, वर सपाट माती, आत अर्धी पोकळी आणि खाली कुजकी ज्वारी. ते चुलत्यांना ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं. वडील लवकर गेले, मला वाढवलं चुलत्यांनीच. जेवताना त्यांच्या ताटाशेजारी माझं ताट असायचं.

तळ पांढरीवर पडणार हे मी घरी सांगितलं तेव्हा चुलते अर्ध्या ताटावरून उठले. दुसऱ्या दिवशी ते स्वतः मीरासाहेबांना भेटायला गेले. पेवाचं नाव काढायचं नव्हतं, म्हणून भुताचं काढलं. म्हणाले, प्लेगची माणसं हायत तिथं, बायामाणसांना त्रास व्हईल, त्यापरीस नदीकाठी ऱ्हावा. गावातल्या आणखी दोघांनीही हेच सांगितलं. मीरासाहेबांनी अदबीनं ऐकून घेतलं आणि नंतर मला हसत म्हणाले, दादा, दगडफोडे शेजारी नकोत म्हणून दर गावात एक भूत तयारच असतं. त्यांच्या अठरा वर्षांच्या अनुभवानं त्यांना इथं फसवलं. धोका खरा होता, पण आम्ही त्याला असले कपडे घालून पाठवला की शहाण्या माणसानं दारातूनच परत लावावा.

ज्येष्ठात माणसं आली. आष्टीकडची चाळीसेक, बायकापोरांसकट. कुणाचं खोपट कुठं हे मीरासाहेब ठरवत नसत, टोळीतली सगळ्यात म्हातारी बाई ठरवायची. पुरुष नुसतं पाठ टेकायला येतात, घर बाईला वापरायचं असतं, असं त्यांचं म्हणणं. या टोळीत ती बाई म्हणजे धुरपदा. ठेंगणी, तोंडानं फटकळ, जालिंदर नावाच्या एकुलत्या एका पोराची आई. पोराचं लग्न नुकतंच झालेलं, सुनेचं नाव साखरबाई. धुरपदानं सगळी पांढर पायाखाली घातली आणि कडुलिंबाजवळ थांबली. सगळीकडं ढेकळं आणि दगड, तेवढीच जागा साफ, सपाट आणि सावलीची. म्हणाली, हितं माझ्या जालिंदराचं आन् साखरीचं.

सपाट असणारच. आम्हीच ती सपाट ठेवली होती.

मी मीरासाहेबांना बाजूला घेऊन म्हणालो, तिथं वाळवी आहे, खोपट दुसरीकडं घाला. ते गेले, बसले, माती हातात घेऊन चुरली, वास घेतला. वाळवीचा मागमूस नव्हता. टाचेनं दोनदा जमीन ठोकली. मग माझ्याकडं बघत राहिले. मेंदीची दाढी, बारीक डोळे, ते बघणं मला आजही झेपत नाही.

"दादा, तुम्ही गावचं हाय. हिच्या पोटात काय हाय का? पेव, बळद, काय बी? असलं तर सांगा, मी कुणाला इचारणार न्हाई कुणाचं ते."

"न्हाई," मी म्हणालो.

विचार करून म्हणालो असतो तर त्याला निदान पाप म्हणता आलं असतं. ते आपसूक आलं, मामलेदाराच्या माणसांपुढं यायचं तसं. आणि एकदा तोंडातून गेल्यावर ते परत घेणं म्हणजे चुलत्यांना चावडीवर उभं करणं होतं. मीरासाहेबांनी मान हलवली. गावचा माणूस, त्यातून शिकलेला, त्याच्या शब्दावर त्यांनी अठरा वर्षांचं नाव पणाला लावलं. संध्याकाळपर्यंत खोपट उभं राहिलं.

पहिला महिना काहीच झालं नाही. मला वाटलं, शिळा मोठी आहे, पेलेल. रोज दुपारी सुरुंग उडायचा तेव्हा मी वहीवर मान घालून जमिनीतून येणारा धक्का पायांनी मोजायचो. आषाढात साखरबाई म्हणाली, चुलीपाशी आंबूस वास येतो, शिळ्या पिठाचा. धुरपदानं तिला घर नीट सारवायला सांगितलं. साखरबाईनं दोनदा सारवलं, वास गेला नाही. मग तिची चूल एका अंगाला कलली. तिनं ती पुन्हा घातली, पंधरा दिवसांत ती पुन्हा कलली. भांडी धुतलेलं पाणी कोपऱ्यात टाकलं की क्षणात जिरायचं आणि ती शेजारणींना कौतुकानं सांगायची, माझ्या दारात चिखल म्हणून होत नाही. हे सगळं मी ऐकत होतो. तिची कोंबडी त्या खोपटात अंड्यांवर रवणीला बसेना, शेजारच्या खोपटात जाऊन बसली. बायका हसल्या. मला हसू आलं नाही.

श्रावणात मी चुलत्यांपाशी विषय काढला. म्हणालो, मीरासाहेब कुणाचं ते विचारणार नाहीत, मी नुसतं सांगतो. चुलत्यांनी सुपारी कातरायला घेतली. मग म्हणाले, दिवाळीनंतर ही माणसं जातीलच, चार महिन्यांसाठी घराण्याची अब्रू घालवू नको. मला हेच ऐकायचं होतं. दोष त्यांच्यावर टाकून मी निवांत झोपलो, हे लपवणार नाही.

भाद्रपदात सलग तीन दिवस झड लागली. खाणीत काम थांबलं नाही, पाऊस उघडला की सुरुंग चालूच. चौथ्या दिवशी ऊन पडलं. सकाळचे आठ झाले असतील, मी हजेरीची वही घेऊन तळावर पोचलो होतो. साखरबाई विहिरीवरून भरलेली घागर घेऊन खोपटात शिरली आणि आवाज झाला. मोठा नाही. पोतं टाकल्यासारखा. खोपटाची मागची बाजू खाली बसली आणि आतून जो वास आला त्यानं दारातली कुत्री मागं सरली.

जालिंदर तोंड धूत होता. तो धावला आणि कुणी काही म्हणायच्या आत त्या भोकात उतरला. एकदा "साखरे" अशी हाक ऐकू आली. दुसरी आली नाही.

मग सगळाच तळ तिकडं धावला. जालिंदरचा चुलतभाऊ आत उतरायला निघाला, शेखलालनं त्याच्या कमरेला दोर बांधायला घेतला. शेखलाल म्हणजे मीरासाहेबांचा पुतण्या, सुरुंग भरायचा. तेवढ्यात मीरासाहेब पोचले. त्यांनी वास घेतला आणि आत श्वास घेण्यासारखी हवा नाही हे त्यांना कळलं. हातातली पहार आडवी धरून ते भोकाच्या तोंडाशी उभे राहिले. म्हणाले, कुणी उतरायचं न्हाई, आधी कंदील सोडा. कंदील दोरीनं सोडला, तो हातभर खाली गेला आणि विझला. पुन्हा पेटवून सोडला, पुन्हा विझला. तो चुलतभाऊ तरीही झेपावला, तेव्हा मीरासाहेबांनी त्याच्या नडगीवर पहार मारली. मी ते बघितलं. हाड वाजलं. धुरपदा त्यांच्या हातांना चावत होती, तोंडावर मारत होती, माझ्या पोराला काढू द्या म्हणत होती, आणि ते हलले नाहीत. आत आणखी माणसं उतरली असती तर तीही मेली असती. तिला ते कुठून कळावं?

त्या गोंधळात मान न वळवता त्यांनी मोठ्यानं विचारलं, "खोल किती हाय ह्ये?"

कुणा एकाला विचारलं नव्हतं.

"दोन पुरुस," मी म्हणालो. "तळाला कुजकी ज्वारी हाय."

ओरडणं, रडणं चालू होतं, कुणाच्या कानात शिरलं नाही. मीरासाहेबांनी मात्र वळून माझ्याकडं बघितलं. मग पुन्हा पाठ फिरवून माणसांना कामाला लावलं. कडुलिंबाचे डहाळे दोरीला बांधून आत वरखाली केले, घोंगड्यांनी वारा घातला, घागरीमागून घागरी पाणी फेकलं. कंदील तळापर्यंत जळत गेला तेव्हा दुपार झाली होती. दोघांना वर काढलं. जालिंदरचा हात तिच्या घागरीच्या काठावर होता, तिच्यापर्यंत पोचला नव्हता.

फौजदार आला, पंचनामा झाला. सगळे दगडफोडे भोवती उभे होते, कुणाच्या हातात पहार, कुणाच्या हातात घण. ज्वारी निघाली म्हणजे पेव कुणाचं तरी असणार हे त्यांना कळत होतं. पोपटराव पंच म्हणून खुर्चीवर बसले होते आणि त्यांचा चेहरा मातीसारखा झाला होता. मी त्यांच्या मागं उभा होतो. फौजदारानं मीरासाहेबांना विचारलं, जागा निवडताना गावात चौकशी केली होती का.

"न्हाई साहेब," ते म्हणाले. "कुणालाच इचारलं न्हाई. माझ्या मनानं निवडली."

तेवढ्यावर निकाल लागला. मुकादमाचा हलगर्जीपणा. ठेकेदारानं त्यांना त्याच दिवशी काढलं. पेवाला मालक सापडला नाही, गाव एका तोंडानं नाही म्हणालं. टोळी आष्टीकडं परत गेली. पूल पुढं दुसऱ्या माणसांनी बांधला. चुलते आणखी दोनदा चेअरमन झाले. मला दौंडला नोकरी लागली, लग्न झालं, मुलं झाली. मीरासाहेबांनी मला वाचवलं, बिचारा देवमाणूस, असं मी मनाशी म्हणायचो. त्यात मला फार सुख वाटायचं, कारण देवमाणसानं ज्याला वाचवलं तो अगदीच वाईट कसा असेल.

अकरा वर्षांनी चुलते वारले. त्यानंतर मी शिरूरला गेलो.

मीरासाहेब भावाच्या दुकानामागच्या खोलीत राहत होते. पुन्हा कुणी त्यांना जागा निवडायला नेलं नव्हतं. बायको हुसेनबी तंबाखूच्या पुड्या बांधायच्या कामाला गेली होती. मला ओळखायला त्यांना क्षणसुद्धा लागला नाही. बस म्हणाले नाहीत, तरी मी बसलो. पडवीत एक म्हातारी लसूण सोलत होती, दोन्ही डोळ्यांत फूल पडलेली. ती धुरपदा होती. पोर आणि सून गेल्यावर तिला सांभाळणारं आष्टीत कुणी उरलं नव्हतं, म्हणून मीरासाहेबांनी तिला घरी आणलं होतं. तिची चूल वेगळी, माठ वेगळा. अकरा वर्षं ती त्यांच्या छपराखाली होती आणि त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती. हुसेनबीशी बोलायची. येईल त्याला सांगायची, ह्यानं जागा निवडली आन् ह्यानंच माझ्या पोराला काढू दिलं न्हाई.

मी हळू आवाजात म्हणालो, मामू, तुम्ही माझं नाव घेतलं नाही, तुमचे उपकार आहेत.

त्यांनी पहिल्यांदा नीट माझ्याकडं बघितलं.

"तुमच्यासाठी न्हाई केलं ते, दादा. माझी माणसं हातात पहारी घिऊन उभी व्हती. मी तोंड उघडलं असतं तर तुम्ही आन् पोपटराव तिथंच पडला असता आन् माझी माणसं फासावर गेली असती. मला त्यांना त्यांच्या घरी लावायचं व्हतं."

मी विचारलं, आणि हिला? नंतर का सांगितलं नाही?

"मी सांगायचं व्हय?" ते म्हणाले. "मला ती म्हणंल, सवतावरलं बालंट टाळतूया. तुम्ही आलाच हाय तर तुम्ही सांगा. मी उठून जातो पाहिजे तर."

उठून मात्र ते गेले नाहीत. पडवीकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाले, पाहुणा आलाय, पाणी द्या. हिंदू पाहुण्याला पाणी धुरपदाच्या माठातलं द्यायचं असा त्या घरात रिवाज होता. ती त्यांना उत्तर देत नसे, पण पाहुण्याला पाणी देत असे. भिंत चाचपत ती आली, तांब्या दोन्ही हातांत धरलेला. माझ्यापासून हातभर अंतरावर थांबली.

"कुठलं पाव्हणं?" तिनं विचारलं. "राहूच्या पल्याडचं न्हवं ना? त्या गावच्या माणसाला मी पाणी देत न्हाई."

मीरासाहेब माझ्या तोंडाकडं बघत होते. अकरा वर्षांनी त्या घरात एका माणसाशी बोलणं सुरू व्हायचं होतं आणि ते माझ्या एका वाक्यावर अडलं होतं. मला ते कळत होतं. बाहेर कुणीतरी दुकानात सुपारी मागत होतं.

"न्हाई," मी म्हणालो. "दौंडचा."

तिनं तांब्या पुढं केला आणि मी पाणी प्यालो.